हाकेमागची खूण

माझे काका कुठेही बसले तरी त्यांच्या पाठीला काहीतरी लागतं. बसमध्ये शेवटचं बाक, कार्यक्रमात खांबाजवळची खुर्ची, बागेत गेलेच तर झाडाचं खोड. न्हाव्याच्या दुकानात पंचाईत होते, कारण तिथं पाठीमागे न्हावीच उभा असतो. काका आरशातून त्याच्यावर नजर ठेवून बसतात आणि न्हावी दर खेपेला म्हणतो, "अहो, मी केसच कापतोय, गळा नाही." काका हसत नाहीत. केस कापून होईपर्यंत त्यांच्या कपाळाला घाम फुटलेला असतो.

दुसरी गोष्ट, ते पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. तुम्ही दारातून कितीही प्रेमानं "काका" म्हणा, ते ढिम्म. मग खोकायचं, कडी वाजवायची, नाहीतर पायरीवर चप्पल आपटायची. तेव्हा कुठे आतून "कोण ते?" येतं. लहानपणी मला वाटायचं, म्हातारा शिष्ट आहे. आईला वाटायचं, मनात पाप आहे म्हणून हाकेला घाबरतो. गाव म्हणायचं, त्यांना हरणीनं धरलंय. तिघांमध्ये गावाचं म्हणणं त्यातल्या त्यात बरोबर होतं, असं आता वाटतं.

काका हाक्या होते. हल्लीच्या पोरांना हा शब्द माहीत नाही आणि नाही तेच बरं. डबे बडवून, आरडाओरडा करून जनावर उठवणारे वेगळे. हाक्या गुपचूप एका जागी बसतो आणि बोलावतो. एक अरुंद, चिवट पान घडी करून ओठांत धरायचं आणि फुंकायचं. त्यातून पाडसाचा आवाज निघतो. आईपासून चुकलेलं, काट्यात अडकलेलं हरणाचं पाडस ओरडतं तसा. तो ऐकून हरणी येते. स्वतःचं पाडस धडधाकट शेजारी उभं असलं तरी येते, हे मी काकांच्याच तोंडून ऐकलंय. ती आली की हाक्याशेजारी दबून बसलेला बंदूकवाला गोळी झाडतो. त्या काळी शिकारीचे परवाने मिळायचे, शहरातून बडी मंडळी यायची आणि जंगलाच्या कडेच्या आमच्या गावात हाक्यांची मोजकी घरं होती. त्यांतलं एक आमचं.

पण पाडसाच्या हाकेला एकटी आई येत नाही. बिबट्याही येतो आणि तो समोरून येत नाही. म्हणून हाक्या रुंद खोडाला पाठ लावूनच बसायचा. काकांनी धंदा सोडला, ही सवय काही सुटली नाही.

त्या धंद्याचा दुसरा नियम होता खुणेचा. जंगलात एकाच वेळी दोन हाके असू शकतात आणि दोघंही इतके तरबेज, की तिकडे माणूस बसलाय की खरंच पाडस अडकलंय, ते तिसऱ्याला कळू नये. म्हणून प्रत्येक हाक्या आपल्या हाकेच्या शेवटी मुद्दाम एक चूक ठेवायचा. जनावर बुजणार नाही, पण दुसऱ्या हाक्याचा कान पकडेल अशी. ती त्याची खूण. काकांची खूण जाडी, हाक संपताना घशात 'गुटुक', घोट गिळल्यासारखं. माझ्या बाबांची बारीक. पान ओठांत असतानाच ते श्वास आत ओढायचे आणि 'चिर्र' असा केसाएवढा आवाज यायचा. रानात कुठे पाडस ओरडलं की हाक्या आधी खूण ऐकायचा, एकदा नाही, तीनदा. मगच बंदूकवाल्याला सांगायचा, "माणूस" किंवा "जनावर". बंदूक कुणाचीही असो, शब्द हाक्याचा. या दोन शब्दांवर सगळा धंदा उभा होता.

माझे बाबा काकांचे धाकटे भाऊ. ते गेले, ते काका "जनावर" म्हणाले म्हणून.

मी तेव्हा नुकती शाळेत जायला लागले होते, त्यामुळे पुढचं सगळं ऐकीव आहे. त्या सकाळी काका एका वकीलसाहेबांना घेऊन ओढ्याच्या बाजूला गेले होते. बाबा त्यांच्या पाहुण्याबरोबर पलीकडच्या खोऱ्यात जाणार होते. पण तिथं बिबट्याचे ताजे ठसे दिसले, पाहुण्याची गाळण उडाली आणि बाबा त्याला घेऊन मागे वळले, तेही ओढ्याकडेच. काकांना याचा पत्ता नव्हता. ते नुकते खोडाला टेकले होते, पान ओठाला लागलं नव्हतं, तोच समोरच्या झुडपांतून पाडस ओरडलं. काकांनी तीनदा ऐकलं. नुसतं पाडस. खूण नाही. वकीलसाहेबांनी भुवया उंचावून विचारलं. काका म्हणाले, "जनावर." झुडपात तपकिरी काहीतरी हललं आणि वकीलसाहेबांनी घोडा दाबला.

तपकिरी होतं ते बाबांचं कांबळं. थंडी होती म्हणून ते खांद्यावर ओढून घेत होते. काका धावत पोचले तेव्हा बाबा खोडाला पाठ लावून तसेच बसलेले होते, पान ओठांत होतं. आणि मध्ये एक खाट मावेल एवढ्या अंतरावर हरणी उभी होती. ती बाबांच्या हाकेला आली होती. बंदुकीच्या आवाजानंही ती पळाली नव्हती. "ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती," काकांनी मला एकदा सांगितलं, "तुझ्या बापाच्या तोंडाकडे बघत होती. पुढची हाक कधी येते म्हणून."

चौकशी झाली, अपघात ठरला, सरकारचं समाधान झालं. धंद्यातल्या लोकांचं समाधान इतक्या स्वस्तात होत नाही. दोन्ही बंदूकवाल्यांना खुणेतलं काही कळत नव्हतं, म्हणून बाकीच्या हाक्यांनी काकांनाच मध्ये बसवून विचारलं. काका म्हणाले, "त्यानं खूण ठेवली नव्हती. मी तीनदा ऐकलं." झालं. ते वाक्य गावानं उचललं. हरणं हुशार झाली, खुणेला बुजतात, म्हणून हल्ली काही जण खूण गाळतात, अशी कुजबुज होतीच. धाकट्यानं जास्त शहाणपणा केला, नियम मोडला, जिवाला मुकला. मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडायला काय लागतं? तो काही उठून भांडायला येत नाही.

आईला हे एक क्षणही पटलं नाही. "तुझे बाबा तुला झोपवताना पान वाजवायचे," ती मला सांगायची, "आणि तेव्हासुद्धा शेवटी चिर्र करायचे. मी म्हणायचे, अहो, घरात कोण गोळी घालायला बसलंय? तर म्हणायचे, एकदा सोडली की सुटली. असा माणूस रानात खूण गाळेल? तुझे काका खोटं बोलतात. स्वतःची मान सोडवायला भावाला बुडवला." आईला एकच हवं होतं. काकांनी एकदा, चार लोकांत, कबूल करावं की खूण होती. ते कबूल करेनात आणि ती बोलेना.

एका घरात, एका छपराखाली. तिला जायला माहेर उरलं नव्हतं आणि काकांनी लग्न केलं नाही. बाहेरच्या खोलीत त्यांची खाट, आतल्या खोलीत आम्ही दोघी. आई त्यांना वेळेवर वाढायची, आजारी पडले तर काढा करायची, पण तोंडातून शब्द नाही. आमच्याकडे भांडी बोलायची. पातेल्याचं झाकण आपटलं म्हणजे जेवायला या. पेला ठेवल्याचा आवाज म्हणजे चहा. पळी आपटली की समजावं, आज चार हात लांब राहिलेलं बरं. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे काय रोज भांड्यांचं दुकान लावता का?" आई म्हणायची, "गिऱ्हाईक एकच आहे."

मी आईची बाजू कधी घेतली तो दिवस मला पक्का आठवतो. मागच्या अंगणात बसून मी पान फुंकत होते. बाबा गेल्यावर आवाजापुरतं तेच माझ्याकडे उरलं होतं, आणि शेवटी श्वास ओढून चिर्र करायला मला फार आवडायचं. काका आतून धावत आले आणि माझ्या ओठांतलं पान खेचून घेतलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "खूण ठेव! बापासारखी मरायचंय का? खूण ठेवता येत नसेल तर पानाला हात लावायचा नाही!"

"ठेवली मी!" मी किंचाळले. "ठेवली होती!"

"खोटं बोलू नकोस!" ते माझ्यावर ओरडले आणि पानाचे बारीक बारीक तुकडे केले.

आई दारात उभी होती. "बघितलंस?" ती मला म्हणाली. "तोंडावर." मला पटलं. माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलेली खूण जो माणूस नाही म्हणतो, तो खोटारडाच. दोन दिवसांनी मी पुन्हा त्यांच्या खांद्यावर बसून बाजारात गेले, पोरच होते मी, पण मनातली गाठ काही सुटली नाही.

पुढे शिकारीवर बंदी आली आणि हाके पांगले. काकांना गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर चौकीदारी मिळाली. जंगल तिथं कुंपणाला टेकलेलं. पंप सुरू करायचा, टाकी भरली की बंद करायचा. झडपेतून थेंब थेंब पाणी गळून कुंपणापलीकडे डबकं झालं होतं, त्यावर जनावरं यायची. काका वनखात्याला फोनवर खबर द्यायचे, आज डुकरांचं कुटुंब, आज सायाळ, काल अस्वलाची पावलं. सुट्टीच्या दिवशी शहरातले हौशी लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून हजर व्हायचे. "काका, बिबट्या कुठं दिसेल हो?" काका म्हणायचे, "तो मघाशीच तुम्हाला बघून गेला." मंडळी हसायची आणि मग जरा मागे वळून बघायची.

एकच जनावर काकांनी कधी फोनवर कळवलं नाही. ते मला सांगायचे, "आज आली होती." कोण ते विचारावं लागायचं नाही. तीच हरणी. संध्याकाळी डबक्यापाशी येते, पाणी पीत नाही, खाटेएवढं अंतर ठेवून उभी राहते आणि काकांच्या तोंडाकडे बघते.

"काका, हरीण एवढी वर्षं जगत नाही."

"ठाऊक आहे की."

"मग ती दुसरी कुठली तरी असेल."

"असेल," ते म्हणायचे. "पण येते, आणि थांबते. मी ओठ घट्ट मिटून बसतो. एकदा चुकून शिंकलो, तर एक पाऊल पुढे आली." मी विषय बदलायचे.

शिवाय त्यांचं एक पालुपद होतं. जंगल मुकं झालंय. "पूर्वी दिवस मावळताना रातकिड्यांनी कान किटायचे. बोटाएवढी पाखरं असायची झुडपात, सुईनं टोचल्यासारखं बोलायची. सगळं गेलं. त्या गोळीनंतर गेलं. रानानं माझ्याशी बोलणं सोडलं, तुझ्या आईसारखं." दुर्बीणवाले माना डोलवायचे आणि पर्यावरणावर भाषण द्यायचे. मी ओसरीवर त्यांच्या शेजारी बसलेली असायचे आणि रातकिडे असे कोकलत असायचे की बोलणं थांबवावं लागेल. पण म्हाताऱ्या माणसांना पूर्वीचं सगळंच मोठं वाटतं, तेव्हाचे आंबट पेरूसुद्धा गोड होते. मी कानाडोळा करायचे.

आणि गंमत बघा, तोवर मी शहरातल्या दवाखान्यात कान तपासायची नोकरी करत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

काकांच्या टाकीवर नवा गजर बसवला, टाकी भरली की पंपघरात बारीक शिट्टी वाजायची. पहिल्याच आठवड्यात टाकी भरून वाहिली, खालच्या रस्त्याचा ओढा झाला आणि धावत आलेल्या फिटरला दिसलं की गजर बोंबलतोय आणि काका त्याच्याच खाली खुर्चीत बसून शांतपणे चहा पितायत. साहेबांनी निरोप दिला, कान तपासून या, नाहीतर घरी बसा. काका चिडले. "माझा कान? या कानावर लोकांनी..." ते तिथंच थांबले. मग दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर शहरात आले.

आमची तपासणीची खोली म्हणजे एक मोठं कपाट. भिंतींना जाड अस्तर, एक काच, आत एक खुर्ची. काकांनी आत पाऊल टाकलं आणि खुर्चीच्या मागे बघितलं. मी न बोलता ती सरकवून भिंतीला लावली. त्यांच्या कानांवर यंत्र चढवलं आणि सांगितलं, "आवाज आला की बोट वर करायचं. अगदी हळू आला तरी."

"तू मला ऐकायला शिकव आता," ते म्हणाले.

मी काचेबाहेर बसले आणि जाड आवाजांपासून सुरुवात केली. त्यांचं बोट लगेच वर. आवाज आणखी हळू केला, तरी वर. तरण्याताठ्या पोरांना येत नाहीत ते आवाज त्यांना येत होते आणि मला उगीचच अभिमान वाटायला लागला. मग मी आवाज बारीक, शिट्टीसारखा टोकदार करत गेले. बोट जरा अडखळलं. आणखी बारीक. बोट मांडीवरच. मला वाटलं, लक्ष नाही. मी आवाज मोठा केला, मग आणखी मोठा, मग यंत्रात होता तेवढा. शेवटी उठून दार किलकिलं उघडलं, तर त्यांच्या कानांवरच्या यंत्रातून ती शिट्टी बाहेर झिरपून मला ऐकू येत होती. काका माझ्याकडे बघून हसले. "काय झालं? सुरू कर की."

मी दार लावून घेतलं आणि जागेवर येऊन बसले. असे कान मी पुष्कळ पाहिलेत. दगडखाणीत सुरुंग लावणारे, लोखंडाचे पत्रे ठोकणारे, त्यांचे कान असेच जातात. म्हातारपणानं नाही, दणक्यानं. आधी बारीक आवाज जातात, आणि माणसाला कळतही नाही, कारण जो आवाज येतच नाही तो गेला, हे त्याला सांगणार कोण? डावा कान उजव्यापेक्षा जास्त गेला होता. बंदूकवाला नेहमी हाक्याच्या डाव्या हाताला बसायचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून काका बंदुकीच्या नळीशेजारी बसत आले होते.

चिर्र. बाबांनी खूण ठेवली होती. तीनदा ठेवली होती. माझ्या पानातही ती होती. काका कधीच खोटं बोलले नव्हते आणि खुणेबाबत आईही चुकली नव्हती. माझा हात बटणावर तसाच राहिला. काचेपलीकडे काका बोट तयार ठेवून, मान जरा तिरकी करून, पुढच्या आवाजाची वाट बघत बसले होते.

घरी आल्यावर काका बाहेर हातपाय धूत होते तेव्हा मी आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. तिनं आधी गॅस बंद केला. मग पाटावर बसली.

"म्हणजे ते खोटं बोलत नव्हते," ती म्हणाली.

"नव्हते. आणि बाबांनी खूण गाळली नव्हती. आई, आता हे सगळ्यांना सांगता येईल. हेच हवं होतं ना तुला?"

"हेच हवं होतं," ती म्हणाली. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "त्यांना सांगू नकोस."

माझं डोकं फिरलं. "आणि बाबांचं नाव? ते तसंच राहू दे? इतकी वर्षं तू भांड्यांशी बोललीस ती कशासाठी?"

"हळू बोल. अगं, आजवर ते म्हणत आले की चूक त्यानं केली, म्हणून कसेबसे उभे आहेत. उभे तरी कुठे आहेत? भिंतीला टेकलेत. ती भिंत तू काढणार का?" मग ती स्वतःशीच पुटपुटली, "आजवर एक शब्द दिला नाही मी त्या माणसाला. एक शब्द नाही." आणि रडली. तिला रडताना मी बाबांच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

नोकरी टिकवायची तर कानाला ऐकायचं यंत्र लावणं भाग होतं. पुढच्याच आठवड्यात मी ते तयार करून आणलं आणि दिवस कलताना मागच्या अंगणात, भिंतीला पाठ लावून बसलेल्या काकांच्या कानात बसवलं. आधी ते दचकले. सदऱ्याची बाही घासली तरी मान वळवायचे. चमचा, चप्पल, कागद, सगळ्याला आवाज आहे म्हणून लहान मुलासारखे चकित होत होते. मी हसत होते. मग ते जंगलाकडे तोंड करून ऐकत राहिले.

"हे..." त्यांनी जंगलाकडे बोट केलं. "रातकिडे! अगं, परत आले! कधी आले परत?"

मी हो म्हणायला हवं होतं. आज महिना झाला, उद्या दोन होतील, काहीही. पण जीभ माझी. "ते गेले कुठे होते, काका?" मी म्हणून बसले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गेले नव्हते?"

काका माग काढणारा माणूस. त्यांना सगळी वाट दाखवावी लागत नाही, एक ठसा पुरतो. त्यांनी कानातल्या यंत्राला बोट लावलं, मग काढलं. "एक पान तोडून आण," ते म्हणाले.

अंगणाच्या कुंपणापाशी फुंकायच्या पानांचं ते झाड अजून होतं. आई आत होती आणि तिनं ऐकलं होतं, कारण भांड्यांचा आवाज थांबला होता. मी पान घडी केलं, ओठांत धरलं आणि फुंकलं. हाक संपली आणि मी श्वास आवरला. जन्मात पहिल्यांदा मी खूण गाळली.

"पुन्हा," काका म्हणाले. पुन्हा वाजवली. "अजून एकदा." अजून एकदा.

ते डोळे मिटून ऐकत होते. "तुझा बाप अशीच मारायचा?"

"अशीच," मी म्हणाले. त्या एका शब्दानं मी माझ्या बाबांना गावाच्या हवाली केलं आणि मला स्वतःची किळस आली. आतून पळी आपटेल, झाकण आपटेल, आई तरातरा बाहेर येईल, याची मी वाट बघत होते. मला ते हवंसुद्धा होतं.

आई दारात आली. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि काकांकडे बघून, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "भावोजी, जेवायला चला. गार होतंय."

काका उठले. निमूट जेवले. आईनं वाढलं, ते "पुरे" म्हणाले, आई म्हणाली, "थोडं घ्या हो." कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, या घरात वर्षानुवर्षं असंच चाललंय. मी त्या रात्री सुटल्यासारखी झोपले.

सकाळी उठले तर बाहेरची खाट रिकामी. मी मागे गेले. काका अंगणाच्या मधोमध स्टूल टाकून बसले होते, घराकडे तोंड आणि जंगलाकडे उघडी पाठ. मागे भिंत नाही, झाड नाही, काही नाही. कानात यंत्र होतं.

"काका, पाठ..."

"असू दे," ते म्हणाले. "यायचं त्यानं यावं."

मी त्यांच्या समोर खाली बसले. ते थोडा वेळ माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले. "काल तुझ्या आईनं मला हाक मारली."

"चांगलंच झालं की."

"तिच्या नवऱ्याची हाक तू खूण गाळून वाजवलीस, आणि ती आतून धावून आली नाही. झाकण आपटलं नाही. उलट जेवायला बोलावलं, आणि तेही इतक्या गोड आवाजात." ते हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. "पोरी, जन्मभर मी गोड हाका मारून बोलावायचाच धंदा केला. बोलावणारा का बोलावतो, ते मला कळणार नाही? त्याला कान लागत नाहीत."

मला हुंदका आला. "काका, तुम्ही मुद्दाम नाही केलं. तुम्हाला ऐकूच येत नव्हतं. तुमचा दोष..."

"माझा शब्द होता," ते म्हणाले. "आणि वर मी त्यालाच खोटं पाडलं. तुलाही पाडलं. एवढीशी होतीस, ठेवली म्हणून ओरडत होतीस." त्यांनी तोंड पुसलं आणि सरळ बसले, दवाखान्यातल्या खुर्चीत बसले होते तसे, हात मांडीवर ठेवून. "आता खरी वाजव."

मी हलले नाही. माझ्या मागून आई आली. तिच्या हातात कुंपणाचं ताजं पान होतं. तिनं ते माझ्या हातात दिलं आणि काकांच्या पाठीमागे, जंगल आणि त्यांच्या मध्ये, जाऊन उभी राहिली.

मी पान घडी केलं आणि फुंकलं. पाडसाची ती हाक झाडांत शिरली, लांब गेली. ती विरता विरता मी श्वास आत ओढला, बाबा ओढायचे तसा.

काकांचे डोळे मिटलेले होते. मी तीनदा वाजवली आणि तिन्ही वेळा त्यांचं बोट वर गेलं.